कोल नदीकाठची वही

पहाटे साडेपाच. वेस्ट व्हर्जिनियातल्या कोल नदीच्या खोऱ्यात धुकं अजून उठलेलं नाही. खालच्या रस्त्यावरून पहिल्या पाळीच्या गाड्या एकामागून एक जातात. स्वयंपाकघराच्या खिडकीशी कॉफी घेऊन उभी असलेली बाई त्यातल्या निम्म्या गाड्या नुसत्या आवाजावरून ओळखते. एक चुलतभावाची, एक शेजाऱ्याची. तिचे वडील याच कोळशात राबले, आणि ती डोंगर उडवण्याविरुद्ध लढते आहे. मुद्दाम नाव घेऊन सांगावी अशी ही कुणी एक बाई नाही. या खोऱ्यात पाणी तपासणारी, वही ठेवणारी जी थोडी माणसं आहेत, त्यांच्यापैकी कुणाचाही एप्रिलातला दिवस साधारण असाच जातो.

साडेसात. रबरी बूट, मीटर, बाटल्या, वही. गाडी घळीत शिरते. पूर्वी इथे डोंगराच्या पोटात बोगदे खणून कोळसा काढत. आता अनेक ठिकाणी वरचं जंगल साफ करतात, माथा सुरुंगांनी फोडतात, कोळसा उचलतात आणि उरलेली दगडमाती शेजारच्या घळीत लोटतात. चंद्रपूर-वणीकडच्या वाचकांना ओबीचे, म्हणजे कोळशावरून काढलेल्या दगडमातीचे, ढिगारे काय असतात ते सांगायला नको. इथे ते ढिगारे वाहत्या ओढ्यांच्या उगमावरच पडले आहेत. अ‍ॅपलाचियाच्या डोंगराळ भागात असे सुमारे २००० मैल ओढे गाडले गेल्याचा अंदाज अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनेच दिला आहे.

आठ. ओढ्यातलं पाणी दिसायला नितळ आहे, तळाचा खडा न् खडा मोजून घ्यावा इतकं. ती वाकते, मीटरची कांडी पाण्यात धरते आणि आकडा स्थिर होईपर्यंत बोलत नाही. फुटलेल्या खडकातले क्षार पाण्यात उतरले की पाण्याची विद्युतवाहकता वाढते. ती ३०० मायक्रोसीमेन्सच्या वर गेली की इथल्या ओढ्यांतले काही जीव तगत नाहीत, असं त्याच संस्थेने २०११ मध्ये नोंदवलं. ढिगाऱ्याखालच्या ओढ्यात आकडा त्याच्या कितीतरी पुढे जातो. मग ती पाण्यातला एक दगड उलटा करते. जिवंत ओढ्यात दगडाच्या पोटाला मेफ्लाय या कीटकाची पिल्लं चिकटलेली असतात, चपटी, तीन शेपट्यांची. हा दगड स्वच्छ आहे. ती दगड होता तसा ठेवते आणि लिहिते: तारीख, वेळ, आकडा, ‘पिल्लं नाहीत’.

याच खोऱ्यात मार्फोर्क नावाच्या वस्तीत जूडी बाँड्स राहत. त्यांचा नातू ओढ्यात उभा होता, मुठीत मेलेले मासे घेऊन, आणि विचारत होता, यांना काय झालं? खाणकामगाराची ही मुलगी तिथून चळवळीत आली. पुढे वस्ती सोडावी लागली. २००३ मध्ये गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला आणि २०११ च्या जानेवारीत कर्करोगाने त्या गेल्या.

अकरा. टेबलावर कागद. अमेरिकेच्या १९७७ च्या केंद्रीय कायद्याने नागरिकाला खाणीविरुद्ध लेखी तक्रार करता येते आणि तिच्यावरून पाहणी झाली तर निरीक्षकाबरोबर जाता येतं. हा हक्क फार थोड्यांना ठाऊक असतो. तक्रारीला वजन येतं ते वहीमुळे. ‘पाणी खराब आहे’ म्हटलं की कुणी ऐकत नाही. अमुक तारखांचे आकडे पुढे ठेवले की फाईल उघडावी लागते.

दुपारी एक. व्हाइट्सव्हिलला टपाल टाकायला जाताना वाटेत काळ्या दगडाचं स्मारक लागतं. २०१० च्या ५ एप्रिलला अप्पर बिग ब्रँच खाणीतल्या स्फोटात २९ कामगार गेले. त्या दगडावर २९ आकृत्या आहेत, खांद्याला खांदा लावून. एप्रिल असल्याने खाली ताजी फुलं आहेत. ती थांबते. डोंगर वाचवणारे खाणकामगारांचे वैरी, असं जे लोक म्हणतात त्यांनी इथे पाच मिनिटं उभं राहावं. गेलेले आणि लढणारे एकाच घरातले आहेत.

चार. भोंगा. ती घड्याळ बघते. मग जमिनीतून हुंकार येतो, कपाटातल्या बश्या किणकिणतात. स्फोटांचं वेळापत्रक खाणवाल्यांना वर्तमानपत्रात छापावं लागतं, त्याचं कात्रण वहीत चिकटवलेलं आहे. न्हाणीघराच्या भिंतीतल्या तड्याच्या टोकाशी पेन्सिलची खूण आणि तारीख. मागच्या खुणेच्या पुढे तडा बोटभर सरकला आहे. नवी खूण, नवी तारीख.

सहा. चर्चच्या तळघरात रॅम्पचं जेवण. रॅम्प म्हणजे डोंगरातला रानकांदा, लसणीहून उग्र, वसंतातच मिळणारा. बटाटे आणि डुकराच्या खारवलेल्या मांसाबरोबर परतलेला. सकाळच्या गाडीतला चुलतभाऊ समोर बसलेला. दोघं खाणीबद्दल बोलत नाहीत. रॅम्प कुठल्या उतारावर मिळाले, असं ती विचारते. तो सांगतो, आणि म्हणतो, पुढच्या वर्षी तो उतार नसेल. तिथेच थांबतो, ताटात बघतो. बाई काही बोलत नाही, त्याच्या ताटात आणखी वाढते.

रात्री नऊ. मार्श फोर्कच्या जुन्या शाळेवरून घरी. कोळसा धुतलेल्या काळ्या पाण्याचं प्रचंड धरण शाळेच्या डोक्यावर होतं. १९७२ मध्ये शेजारच्या बफेलो क्रीकवर असाच बांध फुटून १२५ माणसं मेली होती, म्हणून आईबाप वर्षानुवर्षं भांडले. २०१३ मध्ये मुलं नव्या शाळेत गेली. धरण तिथेच राहिलं.

झोपण्यापूर्वी ती वही मिटते. आमच्याकडे चंद्रपूर भागातल्या घुग्घूस-राजुऱ्याच्या गावांतही ब्लास्टिंगने भिंतींना तडे जातात. तुमच्या घरात असा तडा असेल तर आज त्याच्या टोकाशी पेन्सिलने खूण करा आणि तारीख घाला.