ठोसा तोच, माणसे वेगळी

२१ मार्च २०२५ ला बॉक्सर जॉर्ज फोरमन वयाच्या ७६ व्या वर्षी गेला आणि बॉक्सिंग कधी न पाहिलेल्यांनीही हळहळ व्यक्त केली. १९७४ मध्ये झाईरच्या किन्शासात मुहम्मद अलीशी त्याची लढत होती, तेव्हा असे भाकीत कुणी केले असते, तर त्याला लोकांनी वेड्यात काढले असते. तेव्हाचा फोरमन ४० लढतींत अपराजित होता, त्यातल्या ३७ त्याने नॉकआउटने जिंकल्या होत्या. जो फ्रेझरला त्याने दोन फेऱ्यांत सहा वेळा लोळवले होते. पण मुलाखतीत तुटक उत्तरे आणि कपाळावर कायम आठ्या. त्यात स्वारी झाईरमध्ये उतरली ती जर्मन शेफर्ड कुत्रा घेऊन. तिथल्या बेल्जियन राजवटीतले पोलीस असलीच कुत्री बाळगत, आणि ती राजवट जाऊन जेमतेम १४ वर्षे झाली होती. फोरमनच्या हे गावीही नव्हते. मुहम्मद अली मात्र लोकांत मिसळला, हात उंचावून 'अली, बोमाये' (अली, त्याला ठार मार) ही आरोळी चढवत राहिला. दोघेही कृष्णवर्णीय अमेरिकन. तरी एक घरचा झाला आणि दुसरा परका.

लोक जिंकणाऱ्याच्या मागे जातात, हा समज इथेच निकालात निघतो. नम्र माणूस लोकांना आवडतो म्हणावे, तर अलीचा आणि नम्रतेचा काय संबंध? माझ्या मते चाहता खेळाडूत सभ्यता शोधत नाही. लढतीत त्याला स्वतःसाठी काहीतरी काम हवे असते. अलीने आरोळीचे काम दिले, फोरमनने काहीच दिले नाही. दहा वर्षांच्या खंडानंतर १९८७ मध्ये फोरमन परतला तो धर्मोपदेशक होऊन, तुळतुळीत डोक्याने, सुटलेल्या पोटाने आणि आपल्याच चीझबर्गरवर विनोद करत. आता चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाला त्याच्या बाजूने लढता येत होते. १९९१ मध्ये इव्हँडर हॉलिफील्डशी तो बारा फेऱ्या टिकून हरला, आणि हरूनही आणखी लाडका झाला. १९९४ मध्ये मायकेल मूररविरुद्ध गुणांवर मागे असताना दहाव्या फेरीत उजव्या हाताने त्याने निकाल लावला. वय ४५, अंगात किन्शासातलीच लाल चड्डी.

यावर फ्लॉइड मेवेदरचे नाव पुढे केले जाईल. नोटांच्या थप्प्या मिरवणारा हा माणूस मे २०१५ मध्ये मॅनी पॅक्विआओशी लढला, तेव्हा अमेरिकेत ४६ लाख ग्राहकांनी ती लढत पैसे मोजून पाहिली. मान्य; पण त्यातले कितीतरी जण त्याचा माज उतरलेला पाहायला बसले होते. त्यांनाही एक काम मिळाले होते, एवढेच. हे गिऱ्हाईक मात्र निष्ठावान नसते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आंद्रे बर्टोसमोर तो हरेल असे फारसे कुणाला वाटत नव्हते, आणि त्या लढतीची विक्री मेच्या आकड्याच्या पासंगालाही पुरली नाही. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. अलीवर बॉक्सिंगची बंदी असताना फ्रेझरने त्याला पैशाची मदत केली, परवाना मिळावा म्हणून शब्द टाकला; त्याच फ्रेझरला अलीने गोरिला म्हटले, आणि गर्दी हसली. चाहत्यांचा पाठिंबा न्याय्य असतो, असा माझा दावाच नाही. फ्रेझरने तो सल कैक वर्षे बाळगला.

आपल्याकडे डिसेंबर २०१९ मध्ये याचीच छोटी आवृत्ती घडली. बॉक्सर निखत झरीनने ऑलिंपिक पात्रतेसाठी मेरी कोमशी चाचणी लढत व्हावी, अशी जाहीर मागणी केली होती. सहा वेळची विश्वविजेती मेरी कोम ती लढत ९-१ अशी जिंकली आणि तिने हस्तांदोलन टाळले. चर्चा गुणांची व्हायला हवी होती. झाली ती त्या हाताची. निखतने लोकांच्या हाती एक गाऱ्हाणे दिले होते, मेरीने पाठ दिली. एका प्रसंगावरून मेरीची कारकीर्द तोलणे अन्यायाचेच, पण ती लढत हरूनही त्या दिवशी लोक निखतच्या बाजूने बोलत होते. २०२२ आणि २०२३ मध्ये ती विश्वविजेती झाली, ते नंतरचे.