नायट्रॉक्स म्हणजे ‘आणखी खोल’ नव्हे!

सुट्ट्या लागल्या की जळगाव-धुळ्याच्या कॉलेज ग्रुपवर ‘चलो मालवण’ सुरू होतं. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ इन्स्ट्रक्टरचा हात धरून मारलेली पहिली डाइव्ह आवडली की काही जण रीतसर कोर्सच्या मागे लागतात. एमटीडीसीने तर तारकर्लीत स्कूबा प्रशिक्षण संस्थाच उभी केली आहे. या वाटेवर एक शब्द हमखास कानावर पडतो : नायट्रॉक्स. ‘जास्त ऑक्सिजन, म्हणजे आणखी खोल जाता येईल ना?’ नाही. नेमकं उलटं!

फायदा काय?
स्कूबाच्या टाकीत शुद्ध ऑक्सिजन नसतो, साधी हवाच दाबून भरलेली असते. 21 टक्के ऑक्सिजन, बाकी जवळपास सगळा नायट्रोजन. खाली दाब वाढतो तसा हा नायट्रोजन शरीरात विरघळतो. भसकन वर आलात तर सोड्याच्या बाटलीसारखे त्याचे बुडबुडे होतात. सांधेदुखीपासून लकव्यापर्यंत काहीही होऊ शकतं. हेच ते ‘बेंड्स’.

नायट्रॉक्समध्ये ऑक्सिजन बहुतेक वेळा 32 किंवा 36 टक्के असतो, म्हणून नायट्रोजन कमी. ‘पाडी’च्या तक्त्यानुसार 18 मीटरवर पहिल्या डाइव्हला साध्या हवेवर 56 मिनिटं मिळतात, 32 टक्क्यांवर 95. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत असलेल्या आंग्रिया बँकेचे प्रवाळ 20 मीटरच्या खाली आहेत. अशा जागी हा वेळ मोलाचा. मालवणच्या उथळ पहिल्या डाइव्हला मात्र त्याची गरजच नाही.

धोका कुठे?
दाबाखाली ऑक्सिजनही विषारी ठरतो. पाण्याखाली अचानक झटके येतात, तोंडातलं रेग्युलेटर सुटतं आणि माणूस बुडतो. त्यामुळे 32 टक्क्यांना साधारण 33 मीटर आणि 36 टक्क्यांना 28 मीटर ही हद्द. म्हणूनच नायट्रॉक्सचा वेगळा कोर्स असतो. त्यातला पहिला धडा : टाकीतला ऑक्सिजन अ‍ॅनालायझरने स्वतः मोजायचा, टक्केवारी आणि कमाल खोली टाकीवर लिहायची, डाइव्ह कॉम्प्युटरही तसाच सेट करायचा. ‘दादा म्हणाले 32 आहे’ एवढ्यावर पाण्यात उतरायचं नाही.

आणि घाट?
आपल्या खान्देशी मंडळींसाठी हे सगळ्यात महत्त्वाचं. दुपारी डाइव्ह, संध्याकाळी गाडी, रात्री घाट, असा प्लॅन नको. आंबोली जवळपास 700 मीटर उंचीवर आहे. वर हवेचा दाब कमी होतो आणि अंगात उरलेला नायट्रोजन तिथेही बुडबुडे करू शकतो. विमानासाठीचा नियम इथेही पाळा : एक डाइव्ह केली असेल तर किमान 12 तास, जास्त केल्या असतील तर 18 तास थांबायचं. नायट्रॉक्स वापरलं म्हणून यात सूट नाही.

तेव्हा बजेटमध्ये मालवणातला एक जादा मुक्काम धराच. सोलकढी प्या, किनाऱ्यावर भटका, घाट दुसऱ्या दिवशी चढा.