इडली-सांबार आणि आपला माणूस

सकाळी साडेसातला हैदराबादच्या नल्लकुंट्यातल्या टिफिनच्या एखाद्या बंडीपाशी, म्हणजे हातगाडीपाशी, उभे राहा. उस्मानिया विद्यापीठाची पोरं, फीव्हर हॉस्पिटलला निघालेल्या नर्सबाई आणि हायटेक सिटीत मुलाखतीला जाणारा एखादा मुलगा, इस्त्रीचा शर्ट सांबारापासून जपत पुढे वाकून खाणारा. तासाभराने एक कंपनी त्याच्याकडे बघून ठरवणार असते, की हा ‘आपल्या कल्चरमध्ये बसेल का?’

या शहरात हा प्रश्न नवा नाही. १९५२ साली हैदराबादच्या रस्त्यांवर ‘इडली सांबार गो बॅक’ अशा घोषणा घुमल्या होत्या. हैदराबाद संस्थान भारतात आणणाऱ्या पोलीस ॲक्शननंतर बाहेरच्या प्रांतांतून, विशेषतः मद्रासकडून, आलेल्या नोकरदारांवर तो राग होता. माणूस परका हे त्याच्या ताटावरून ठरलं! त्या सप्टेंबरात पोलिसांच्या गोळीबारात माणसं गेली.

मागणी होती मुलकी नियम पाळण्याची. १९१९ च्या या नियमांनुसार जो ‘मुलकी’, म्हणजे संस्थानातला, नाही, त्याला निजामांच्या खास परवानगीशिवाय सरकारी नोकरी नव्हती. जन्माने मुलकी नसलेल्याला संस्थानात १५ वर्षं कायमचा रहिवास दाखवावा लागे. शिवाय आपल्या मूळ ठिकाणी परतण्याचा विचार सोडला आहे, असं शपथेवर लिहून द्यावं लागे. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा थांबलोच. १५ वर्षं मोजता येतात, पण गावाची ओढ सुटली हे कोण मोजणार? ते मात्र एका कागदावर मागितलं जात होतं.

आपल्या मराठी मुलखातली गंमत बघा. तुळजापूर निजामाच्या राज्यात, सोलापूर इंग्रजांच्या. अंतर ४५ किलोमीटर, भाषा एक, देवीही एकच. तरी तुळजापूरकर मुलकी आणि सोलापूरकर गैरमुलकी.

आज कंपन्या रहिवास विचारत नाहीत, माणूस ‘आपल्यासारखा’ आहे का ते बघतात. लॉरेन रिवेरा या समाजशास्त्रज्ञ बाईंनी अमेरिकेतल्या बड्या लॉ फर्म, कन्सल्टिंग कंपन्या आणि गुंतवणूक बँकांत उमेदवार निवडणाऱ्या १२० जणांशी बोलून २०१२ मध्ये जे मांडलं, ते थक्क करणारं आहे. या मंडळींना आपल्यासारखे छंद, आपल्यासारखे अनुभव आणि आपल्यासारखं बोलणं-वागणं असलेला माणूस हवा असायचा. कधीकधी कामातल्या तयारीपेक्षाही जास्त. बेंजामिन श्नायडर यांनी तर १९८७ मध्येच सांगितलं होतं की सारखी माणसं सारख्यांकडे ओढली जातात, निवडलीही तीच जातात, वेगळी असतील ती सोडून जातात आणि हळूहळू सगळी संस्था एका साच्याची होते.

माणसाचा संस्थेशी मेळ महत्त्वाचा नाही असं मी म्हणणार नाही. चूक कबूल करणं, साहेबाला तोंडावर नाही म्हणणं, दिलेली वेळ पाळणं, यांत मेळ नसेल तर काम अडतं. पण तो गप्पांतून कळत नाही. प्रत्येकाला तेच प्रश्न, त्याच क्रमाने, ‘तुम्ही अशा वेळी प्रत्यक्षात काय केलंत?’ असे विचारावेत आणि आपसात बोलण्याआधी ज्याने त्याने गुण लिहावेत. कामाचा अंदाज बांधायला अशी आखीव मुलाखत मोकळ्या गप्पांपेक्षा सरस ठरते, हे संशोधनात पुन्हापुन्हा दिसलं आहे.

मुलकी नियम कोते होते, पण लिहिलेले होते. आपण का नाकारले गेलो हे सोलापूरकराला ठाऊक असे. बंडीवरच्या त्या मुलाला मात्र ‘फिट वाटला नाही’ एवढंच कळेल. मुलाखत घेणाऱ्यांनो, त्याच्या नावापुढे ते शब्द लिहायच्या आधी, त्याच्या कामात नेमकं काय कमी पडलं ते एका वाक्यात लिहून बघा. लिहिता आलं नाही, तर त्याला पुन्हा बोलवा.