होकार एकाचा, नंबर सगळ्यांचे

फेब्रुवारी २०१२ मध्ये 'पाथ' नावाच्या अ‍ॅपची चोरी उघडी पडली. जवळच्या लोकांत फोटो वाटण्यासाठीचं हे अ‍ॅप आयफोनमधली नंबरांची अख्खी यादी, कुणाला न विचारता, आपल्या सर्व्हरवर चढवत होतं. कंपनीने माफी मागून ती पुसली. त्याच वर्षी आयओएस ६ मध्ये परवानगी विचारणारी चौकट आली. अँड्रॉइडवर त्यासाठी २०१५ उजाडलं. तोवर इन्स्टॉल करतानाच सगळ्याला एकगठ्ठा हो म्हणायचं, नाहीतर अ‍ॅपचा नाद सोडायचा.

चौकट आली आणि प्रश्न मिटला, असं बहुतेकांनी धरून चाललं. मला ती पहिल्यापासून अपुरी वाटते. फोनमध्ये 'मीनामावशी नवा नंबर', 'गॅसवाला', 'डॉक्टर रात्रीचे' अशी सेव्ह केलेली माणसं 'अलाऊ' दाबताना तिथे नसतात. त्यांच्या वतीने आपणच मोकळे होतो.

याचा हिशेब २०१८ मध्ये केंब्रिज अ‍ॅनालिटिका प्रकरणात आकड्यांत दिसला. त्यातलं फेसबुकवरचं प्रश्नमंजुषेचं अ‍ॅप भारतात घेतलं ३३५ जणांनी. माहिती गेली असावी अशांची संख्या खुद्द फेसबुकनेच सांगितली, ५,६२,४५५. उरलेल्यांचा गुन्हा एवढाच, की त्यांची कुणाशी तरी मैत्री होती.

नकारही एकट्याने देऊन भागत नाही. जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपच्या गोपनीयतेच्या नव्या धोरणावरून लोक तावातावाने सिग्नल या दुसऱ्या अ‍ॅपवर गेले. सोसायटीचा आणि भावकीचा ग्रुप मात्र जागचा हलला नाही, मग बरेच जण गुपचूप परतले.

खरी होरपळ झाली ती झटपट कर्ज देणाऱ्या अ‍ॅपमुळे. चार-पाच हजारांसाठी यादी उघडून द्यायची. हप्ता थकला की वसुलीवाले कर्जदाराला सोडून मावशीला, साहेबांना, शेजाऱ्यांना फोन लावायचे, वर छेडछाड केलेले फोटोही पाठवायचे. सप्टेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने कर्जाच्या अ‍ॅपना संपर्क यादी आणि कॉलची नोंद बघायला मनाई केली. गुगलनेही मे २०२३ अखेरपासून आपल्या प्ले स्टोअरवरच्या अशा अ‍ॅपना नंबर आणि फोटो बंद केले. इथे मात्र यादी वापरकर्त्याच्या होकारावर सोडली गेली नाही. त्याने हो म्हटलं तरी मिळणार नाही, असं ठरलं. बाकीच्या अ‍ॅपबाबत भिस्त अजून त्या चौकटीवरच आहे. २०२४ च्या आयओएस १८ मध्ये निवडक नंबरच देण्याची सोय झाली खरी, पण निवडणार फोनचा मालकच.