उतरत्या उन्हाचं काम

सकाळी साडेसहा. जानेवारीतलं मालवण. कार्यशाळेच्या भिंतीवरचं मीटर 21 अंश आणि 84 टक्के आर्द्रता दाखवतंय. आज गलबताला बाहेरून काचेचं कापड चढवायचं आहे. ते काम दुपारी चारच्या आधी सुरू होणार नाही, कारण लाकूड तापत असताना त्यावर इपॉक्सी रेझिन लावायचं नसतं. तोवरचा सगळा वेळ तयारीचा, आणि होडी पाण्यात टिकते ती याच वेळामुळे असं माझं ठाम मत आहे.

गलबत स्टँडवर पालथं आहे. मराठा आरमारातल्या गलबताचं हे 1:20 प्रमाणातलं मॉडेल, लांबी 85 सेंटीमीटर. अठराव्या शतकातला इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने या जातीच्या जहाजांचं वर्णन करून ठेवलंय: मोठ्यातलं मोठं गलबत क्वचितच 70 टनांच्या वर, दोन डोलकाठ्या, चाळीस-पन्नास वल्ही. आमचं त्याहून बरंच लहान धरलेलं आहे. आत 3 मिलिमीटर प्लायवुडच्या फासळ्या आणि त्यांवर शिवणीच्या 2 मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या. शिवण हलकी, रंधा छान घेते आणि वाळल्यावर फारशी वाकत नाही. हे मॉडेल काचेच्या कपाटात बसणार असतं तर वॉर्निशचे दोन हात पुरले असते. पण याला धामापूरच्या तलावात शिडावर चालायचं आहे.

सात वाजता दार बंद करून, दिवा मालवून बॅटरी हातात घेतो. उजेड पट्ट्यांना जवळजवळ घासून जाईल असा धरला की उंचवटा आणि खळगा लगेच सावली टाकतात. परवा भरलेली लांबी दोन ठिकाणी किंचित उंच राहिलीय. लांब लाकडी फळीवर चिकटवलेला 80 नंबरचा पॉलिशपेपर तिरका फिरवतो. बोटांत धरलेला कागद खळग्यात शिरून खळगाच खोल करतो, फळी मात्र फक्त उंचवटे उतरवते. मग 120 नंबर, आणि तिथेच थांबायचं. लाकूड आरशासारखं गुळगुळीत केलं की रेझिनला धरायला जागा उरत नाही. धूळ ब्रशने आणि व्हॅक्यूमने काढायची. ओलं फडकं नाही, आणि यापुढे उघड्या हाताचा स्पर्शही नाही, कारण हाताचा तेलकटपणा लाकडावर उतरतो.

साडेआठला पुतण्या येतो. होडी उताणी करून आतलं काम सुरू होतं. आतून रेझिनचा पहिला हात काल संध्याकाळी दिलेला आहे. त्यावर मेणासारखा चिकट पापुद्रा आलाय. हार्डनरमधली अमाईन हवेतली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड यांच्याशी मिळून तो तयार करतात, आणि कोकणातल्या हवेत तो बहुतेक येतोच. तो पॉलिशपेपरने घासला तर कागदात भरतो आणि पुढचा हात सुटतो. साध्या पाण्याने जरा ओला केलेला स्पंज आणि भांडी घासायची हिरवी घासणी, एवढ्यानेच तो निघतो. पुतण्या फासळ्यांच्या कोपऱ्याकोपऱ्यांत बोट घालून पुसतो. पाणी बाहेरच्या कोऱ्या लाकडावर सांडू नये म्हणून त्याला दोनदा सांगावं लागतं.

आतला भाग कुणाला दिसणार नाही, मग त्यात एवढा वेळ कशाला, असं पुष्कळजण विचारतात. लाकूड ओल धरलं की आडवं फुगतं, लांबीत जवळजवळ नाहीच. होडी फक्त बाहेरून बंद केली आणि डेकच्या फटीतून आत चमचाभर पाणी गेलं, तर पट्ट्या आतल्या अंगाने फुगतात, बाहेरच्या अंगाने नाही. त्यातून वाक येतो, सांधा ताणला जातो, आणि रंगावर पट्टीच्या कडेने रेघ उमटते. त्या रेघेतून मग बाहेरचंही पाणी शिरतं. म्हणून दोन्ही अंगं सारखी बंद हवीत. कण्यालगत आणि फासळ्यांच्या सांध्यांत घट्ट केलेल्या रेझिनची गोलसर भर घालून त्यावर कापडाच्या दोन-दोन सेंटीमीटर रुंद पट्ट्या बसवतो. लाकडाची छिद्रं काल बंद झाल्यामुळे हे काम सकाळच्या चढत्या उन्हातही चालतं.

त्याच बैठकीत सुकाणूच्या बिजागऱ्यांची भोकं. स्क्रू 2 मिलिमीटरचा असला तरी भोक 5 मिलिमीटरचं पाडायचं, ते घट्ट रेझिनने भरायचं आणि ते कडक झालं की त्याच्या मधोमध स्क्रूपुरतं बारीक भोक पाडायचं. मग स्क्रू रेझिनमध्ये बसतो आणि पाण्याची गाठ लाकडाशी पडतच नाही. शीडदोऱ्यांची, वल्ह्यांच्या खुंट्यांची, सगळी भोकं अशीच. मॉडेल बुडतात ती बहुधा अशा भोकांपायी.

अकरा वाजता कापड कापायला घेतो. हे विणलेलं काचेचं कापड, चौरस मीटरला 50 ग्रॅम. बाजारात फायबरग्लासची जाड मॅट स्वस्त मिळते, पण तिचे धागे ज्या द्रव्याने बांधलेले असतात ते पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरीनमध्ये विरघळतं, इपॉक्सीत नाही, त्यामुळे ती ताठ राहते. आणि पॉलिएस्टर लाकडाला इपॉक्सीसारखं धरत नाही. कापड घडी करून ठेवायचं नाही, घडीची रेघ शेवटपर्यंत दिसते. गुंडाळी उलगडून होडीवर कोरडंच पसरतो. धागे तिरपे येतील असं लावलं की गोलाईवर ते आपसूक बसतं, सुरकुती पडत नाही. नाळेपाशी मात्र गलबत एवढं निमुळतं होतं की तिथे कातरून दोन्ही बाजू एकमेकींवर घ्याव्याच लागतात. टक्कर पहिली तिथेच होते, तेव्हा तो दुपदरी भाग फायद्याचाच.

कापडाने बळ येतं म्हणजे काय होतं? शिवणीची पट्टी लांबीत चिवट आहे, पण रेषांना आडवी ओढली तर सहज चिरते. काचेचे धागे त्या चिरण्याला आडवे येतात. आतून पट्ट्या, बाहेरून अख्खं कापड आणि मधे लाकूड, अशा थरामुळे 2 मिलिमीटरची भिंतही बोटाने दाबली तर दबत नाही.

बाराच्या सुमारास शेजारचे मेस्त्री येतात. त्यांनी आयुष्यभर मासेमारीच्या खऱ्या होड्या बांधल्या. फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठोकून बसवायचा, वर राळ आणि तेलाचं मिश्रण, लाकडाला काजूच्या टरफलांचं तेल, असं त्यांचं जलरोधन. आमची होडी अंगठ्याने दाबून बघतात आणि विचारतात, “लाकडाक फुगाक दिलंस नाय तर सांधो मिटतलो कसो रे?”

त्यांचा प्रश्न अगदी रास्त आहे. खरी होडी पाण्यात उतरली की सुरुवातीला झिरपते, मग फळ्या फुगून एकमेकींना आवळतात आणि झिरपणं थांबतं. इंचभर जाड फळीला ते फुगणं सोसतं, कापूस त्यात दाबला जातो. आमच्या 2 मिलिमीटरच्या पट्टीत कापूस ठोकायला जागा नाही, आणि तलावात दोन तास काढून ती पुन्हा महिनाभर कोरड्या खोलीत राहणार. दर वेळी फुगणं आणि आकसणं यातच ती फुटेल. “मेस्त्रीनू, हिका फुगाकच द्यायचा नाय,” मी म्हणतो. ते मान हलवतात, पण नाळेचा बाक बरोबर आलाय असं स्वतःहून सांगतात. मला त्याचं मोल फार आहे.

जेवण, थोडी वामकुक्षी. या वेळात होडी मुद्दाम पत्र्याखालच्या गरम खोलीत ठेवलेली असते. तीनच्या सुमारास लाकूड दिवसातलं सगळ्यात गरम, 32 अंशांवर. पावणेचारला खिडक्या उघडतो आणि ती सावलीतल्या टेबलावर आणतो.

या कामातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. लाकडाच्या छिद्रांत हवा असते. लाकूड तापत असेल तर ती प्रसरण पावून बाहेर पडते आणि ओल्या रेझिनमध्ये बुडबुडे उठवते. एकेक बुडबुडा म्हणजे पाण्याला वाट. आतून तर आपण सगळं बंद केलंय, म्हणजे हवेला बाहेरूनच निघायचं आहे. लाकूड थंड होत असेल तर उलट घडतं: हवा आकसते आणि रेझिन आत ओढलं जातं. रेझिन महाग की स्वस्त यापेक्षा ते कुठल्या वेळी लावलं, याने जास्त फरक पडतो. मात्र फार उशीरही चालत नाही. ऊन गेलं की आर्द्रता चढते आणि तो मेणचट पापुद्रा ओल्या थरावरच धरतो. चार ते सहा, एवढीच वेळ हातात असते.

चार वाजले. मास्क, नायट्राईलचे हातमोजे. माझं रेझिन दाट असतं, म्हणून बाटली कोमट पाण्यात ठेवून जरा पातळ केलंय. प्रमाण वजनाने 100 ला 10. एका वेळी 30 ग्रॅम रेझिन, 3 ग्रॅम हार्डनर. काटा 0.1 ग्रॅम दाखवणारा लागतो. 3 ग्रॅममध्ये एका ग्रॅमची चूक म्हणजे तिसऱ्या हिश्श्याची चूक, आणि हार्डनर जास्त घातला म्हणून रेझिन जास्त कडक होत नाही, उलट मिश्रण बिघडतं. कपाच्या कडा खरवडत तीन मिनिटं ढवळायचं आणि लगेच पसरट ट्रेमध्ये ओतायचं. कपात साठून राहिलं तर स्वतःच्याच उष्णतेने ते झपाट्याने घट्ट होतं.

कण्याच्या मध्यापासून सुरुवात. रेझिन ओतून जुन्या प्लॅस्टिक कार्डाने खाली आणि बाहेर ओढत न्यायचं. पांढरंशुभ्र कापड भिजेल तसं दिसेनासं होतं आणि खालच्या शिवणीच्या रेषा उमटतात. “काका, कापड खंय गेला?” पुतण्या वाकून बघतो. वीण बोटाला लागते, डोळ्याला दिसत नाही. पांढुरकं दिसतंय तिथे कोरडं आहे, तिथे थोडं आणखी. चकाकतंय तिथे जास्त झालंय, कापड तरंगतंय, तिथलं ओढून काढायचं. सगळीकडे विणीचा पोत मंद दिसला पाहिजे. बळ कापडातून येतं, जादा रेझिन नुसतं वजन वाढवतं.

वजनाचं गणित इथे फार कडक असतं. 1:20 म्हणजे वजन 8000 पटीने कमी. खरं गलबत 20 टनांचं धरलं तर मॉडेल अडीच किलोच्या आत हवं, त्यात शिसं, डोलकाठ्या, शीड आणि रिमोटचं यंत्र सगळं आलं. धामापूरचं पाणी गोडं, समुद्रापेक्षा हलकं, त्यामुळे तिथे होडी किंचित खोल बसणार. कापड 10 ग्रॅम, सगळे हात मिळून रेझिन 50 ग्रॅमच्या आसपास, एवढंच मी बाहेरच्या अंगाला देतो. ट्रे पुन्हा काट्यावर ठेवतो: उरलेलं वजा करून वहीत आकडा.

सव्वापाचला काम आटोपतं. खिडक्या बंद, कोपऱ्यात हीटर मंद. पुतण्या घरी.

रात्री आठ वाजता थर चामड्यासारखा झालाय. याच वेळी काठावरचं लोंबणारं कापड धारदार पात्याने सटकन कापलं जातं. उद्यावर टाकलं तर ते काचेसारखं कडक होतं आणि घासताना त्याची बारीक धूळ छातीत जाते. नऊला बोट टेकवतो. चिकट लागतं, पण बोटाला काही येत नाही. अशा अवस्थेत दिलेला दुसरा हात पहिल्याशी रासायनिक रीतीनेच जोडला जातो, घासायची गरज नाही. 15 ग्रॅमचं मिश्रण करून विणीच्या खळग्या भरतील एवढा पातळ हात ब्रशने देतो आणि दहाला दिवा मालवतो.

आता आठवडाभर होडी पाण्यात उतरवायची नाही. उद्या घासणीने धुणं, परवा 240 नंबरने ओलं घासणं, मग 400, आणि शेवटी रंग. तो केवळ शोभेचा नाही. इपॉक्सी पाण्याला दाद देत नसलं तरी उन्हातल्या अतिनील किरणांनी ते पिवळं पडतं आणि भुरभुरतं, म्हणून जिथे शिवणीचं लाकूड उघडं दाखवायचं आहे तिथेही अतिनील किरण रोखणारं वॉर्निश लागेल.