टाकवत नाही, देववत नाही

दिवाळीच्या आधी माळा आवरायचा, हा आमच्या घरचा दरवर्षीचा नेम. वस्तू खाली येतात, धूळ झटकली जाते आणि बहुतेक सगळ्या पुन्हा वर जातात. वातीचा स्टोव्ह, पितळी बंब, वडिलांचा बंद पडलेला ट्रान्झिस्टर. 'असू दे, लागेल कधीतरी' असे दरवर्षी कोणीतरी म्हणते. ती वेळ काही येत नाही.

या वस्तू हातून सुटत का नाहीत? कंजूषपणा हे सोपे उत्तर झाले. पण एक प्रयोग वेगळेच काही सांगतो. कॅनडातील अर्थशास्त्रज्ञ जॅक क्नेट्श यांनी तो १९८९ साली प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांच्या एका गटाला कॉफीचा मग आणि मोठे चॉकलेट यांतून हवे ते निवडायला सांगितले. ५६ टक्के विद्यार्थ्यांनी मग घेतला. म्हणजे आवड जवळजवळ निम्मी-निम्मी. दुसऱ्या गटाला आधीच मग देऊन ठेवला आणि नंतर विचारले, 'चॉकलेटशी बदलायचा का?' ८९ टक्क्यांनी मगच ठेवला. तिसऱ्या गटाला आधी चॉकलेट दिले होते. त्यांतल्या ९० टक्क्यांनी चॉकलेट ठेवले!

वस्तू त्याच होत्या. फरक एवढाच, की ती एकदा 'माझी' झाली होती. मिळवण्याच्या आनंदापेक्षा गमावण्याचे दुःख मनाला मोठे वाटते. त्यामुळे हातातल्या वस्तूचे मोल आपोआप वाढते. माळ्यावरचा बंब दुकानात दिसला असता, तर आपण तो विकत घेतला असता का? हा प्रश्न स्वतःला विचारून पाहा.

हा प्रयोग वर्गात सहज करता येतो. चिठ्ठ्या टाकून निम्म्या मुलांना पेन्सिल द्या, निम्म्यांना तेवढ्याच किमतीचे खोडरबर. पाच मिनिटांनी विचारा, कोणाला बदलून हवे आहे? मालकीचा काहीच परिणाम होत नसेल, तर साधारण निम्म्या वर्गाने हात वर करायला हवेत. किती हात वर होतात ते मुलांनाच मोजू द्या. निम्मेच का, याचाही विचार त्यांना करू द्या.

देण्यापूर्वी मन असे अडते. दिल्यानंतर काय होते? कॅनडातच एलिझाबेथ डन व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला. ४६ जणांना सकाळी पाकिटातून ५ किंवा २० डॉलर दिले. काहींनी ते संध्याकाळपर्यंत स्वतःसाठी खर्च करायचे होते, काहींनी दुसऱ्यासाठी. संध्याकाळी विचारपूस केली, तेव्हा दुसऱ्यासाठी खर्च करणारे अधिक आनंदात होते. रक्कम ५ होती की २०, याने फरक पडला नव्हता. गंमत म्हणजे इतरांना आधी अंदाज करायला सांगितले, तेव्हा बहुतेकांचा कौल उलटा होता: पैसे २० असावेत आणि ते स्वतःवर खर्च करावेत! हा प्रयोग लहान होता आणि पैशांवरचा होता, जुन्या सामानावरचा नव्हे, हे लक्षात ठेवायला हवे. पण देण्याविषयीचा आपला अंदाज चुकू शकतो, एवढे त्यातून नक्की दिसते.

माझा तरी चुकला. गेल्या दिवाळीत तो ट्रान्झिस्टर मी जड मनानेच शाळेत नेला. सातवीच्या मुलांनी तो उघडला. आतल्या स्पीकरच्या मागे लोहचुंबक सापडले. त्याला टाचण्या चिकटल्या. मग एका मुलीने दीड व्होल्टच्या सेलला जोडलेल्या तारा स्पीकरच्या टोकांना क्षणभर टेकवल्या. 'टक्' असा आवाज आला आणि कागदी शंकू हलला. सेल उलटा केला, तर शंकू उलट दिशेने हलला. विजेचा प्रवाह, चुंबक आणि ध्वनी यांचे नाते फळ्यावर मी अनेकदा काढले होते. मुलांनी ते त्या दिवशी बोटांनी चाचपले.

अर्थात देणे म्हणजे आपली अडगळ दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवणे नव्हे. वस्तू कोणाच्या उपयोगाची आहे, हे आधी विचारावे. ती मोडून, उघडून पाहणारे हात शाळेत नेहमीच असतात.

माळ्यावर ट्रान्झिस्टर कित्येक वर्षे गप्प होता. वर्गात तो निदान 'टक्' म्हणाला.