गोडी, साखर आणि कर्बोदके : शर्करापर्यायांच्या निवडीतील अर्थविचार

‘साखर’ या एकाच मराठी शब्दावर आज निदान चार अर्थांचा भार पडलेला आहे. स्वयंपाकघरातील डब्यात असते ती साखर. रक्ततपासणीच्या कागदावर आकड्याने लिहून येते ती साखर. ‘त्यांना साखर आहे’ या वाक्यात रोगाचे नाव म्हणून येते ती साखर. आणि खाद्यपदार्थाच्या वेष्टनावर ‘शुगर-फ्री’ या जोडशब्दात जिची व्याख्या कायद्याने ठरवून दिली आहे ती साखर. पहिली उसाची, म्हणजे सुक्रोज, दुसरी ग्लुकोज, तिसरी मधुमेह, आणि चौथी एक शासकीय संज्ञा. अनेकार्थता हा भाषेचा स्वाभाविक धर्म असून एरवी तिने कोणाचे नुकसान होत नाही. परंतु मधुमेहामुळे अथवा वजनामुळे ज्याने कर्बोदके कमी केलेला आहार स्वीकारला आहे, त्याला साखरेऐवजी काय घ्यावे याचा निर्णय याच शब्दांच्या आधारे करावा लागतो. आणि तेथे अर्थाची चूक थेट रक्तात उतरते.

या शब्दाचा प्रवास मोठा आहे. संस्कृतातील ‘शर्करा’ म्हणजे मुळात खडे, वाळू. मूत्रशर्करा या वैद्यकातील संज्ञेत तो अर्थ अद्याप टिकून आहे. दाणेदार रूपावरून तो शब्द उसाच्या पदार्थाला लागला, प्राकृतातून मराठीत ‘साखर’ झाला, आणि फारसी, अरबी, ग्रीक, लॅटिन अशा भाषांतून पश्चिमेकडे गेला. तेथून तो ‘सॅकरिन’ या नावाने परत आला, तेव्हा त्यात साखरेचा कणही उरला नव्हता. शब्द पदार्थाला नव्हे तर गुणाला चिकटतो, याचे हे बोलके उदाहरण होय.

सॅकरिनचा शोध १८७९ साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात आयरा रेमसेन यांच्या प्रयोगशाळेत कॉन्स्टंटिन फालबर्ग यांना लागला, तो हाताला लागलेल्या द्रव्याची चव जेवताना जाणवल्यामुळे. १९६५ साली जेम्स श्लॅटर यांना अ‍ॅस्पार्टेम सापडले, तेही बोट चाटल्यामुळे. मात्र भाषाभ्यासकास सर्वांत रोचक वाटावी अशी कथा सुक्रालोजची आहे. १९७६ साली लंडनच्या क्वीन एलिझाबेथ महाविद्यालयात लेस्ली हफ यांच्या हाताखाली शशिकांत फडणीस हे संशोधक क्लोरीनयुक्त सुक्रोजवर काम करीत होते. एका संयुगाची ‘टेस्ट’, म्हणजे चाचणी, करण्याची सूचना त्यांना मिळाली. त्यांनी ती ‘टेस्ट’ऐवजी ‘टेइस्ट’, म्हणजे चव घेणे, अशी ऐकली आणि द्रव्य जिभेवर ठेवले, असे सांगितले जाते. ते साखरेच्या सुमारे ६०० पट गोड निघाले. इंग्रजीतील एका स्वराच्या फरकातून जगाला एक नवे गोडद्रव्य मिळाले. या ठिकाणी शब्दाची चूक उपकारक ठरली. दुकानाच्या फळीसमोर ती तशी ठरेलच असे नाही.

नाशिक जिल्ह्यातील ओझरसारख्या गावाचा विचार करावा. निफाड तालुक्याच्या या भागात ऊसही आहे आणि द्राक्षेही. १९६४ साली सुरू झालेल्या विमान कारखान्यामुळे येथे शेतकऱ्याच्या जोडीला पाळीवर काम करणारा कामगारही राहतो. अशा ठिकाणी ‘साखर सोडली’ या वाक्यानंतर बहुधा तीन वस्तू घरात येतात : गूळ, मध आणि मनुका. व्यवहाराच्या भाषेत यांपैकी एकही ‘साखर’ नव्हे. आहारशास्त्राच्या भाषेत मात्र तिन्ही शर्कराच आहेत. गुळात बहुतांश सुक्रोजच असते. मधात फ्रुक्टोज व ग्लुकोज. आणि १०० ग्रॅम मनुकांत सुमारे ६० ग्रॅम शर्करा असते. ताज्या द्राक्षांत ती १६ ग्रॅमच्या आसपास असते. पाणी उडाले की उरते ती घट्ट झालेली गोडी. गुळात थोडे लोह व खनिजे असतात हे खरे. परंतु चहाच्या एका चमच्यात त्यांचे प्रमाण नगण्य आणि कर्बोदकांचे प्रमाण जवळपास साखरेइतकेच असते. ‘नैसर्गिक’ हे विशेषण पदार्थाच्या उगमाविषयी बोलते, त्याच्या परिणामाविषयी नव्हे.

आता वेष्टनावरील भाषा पाहू. भारतीय नियमांप्रमाणे १०० ग्रॅम वा १०० मिलिलिटर पदार्थात ०.५ ग्रॅमपेक्षा अधिक शर्करा नसेल तर त्यास ‘शर्करामुक्त’ म्हणता येते. येथे ‘शर्करा’ म्हणजे ग्लुकोज, सुक्रोज, लॅक्टोज यांसारख्या साध्या शर्करा. मैद्यातील पिष्ट या व्याख्येत बसत नाही. माल्टोडेक्स्ट्रिनचा मोठा भागही बसत नाही, जरी पोटात गेल्यावर तो झपाट्याने ग्लुकोजच होतो. म्हणून मैद्याचे बिस्किट पूर्ण सत्य सांगून ‘शर्करामुक्त’ असू शकते आणि तरीही कर्बोदकांनी भरलेले असते. ‘साखर घातलेली नाही’ हा दावा आणखी वेगळा : वरून घातलेली नाही, एवढेच तो सांगतो, मूळच्या शर्करेविषयी तो मौन पाळतो. यास्तव वेष्टनाच्या दर्शनी बाजूवरील विशेषण न वाचता मागील कोष्टकातील एकूण कर्बोदकांचा आकडा वाचणे हाच सुरक्षित मार्ग होय.

पर्यायांचे ढोबळ मानाने दोन वर्ग पडतात. पहिला तीव्र गोडद्रव्यांचा : सॅकरिन, अ‍ॅस्पार्टेम, सुक्रालोज, आणि स्टीव्हियाच्या पानांतून काढलेली ग्लायकोसाइडे. ही साखरेच्या शेकडो पट गोड असल्याने मात्रा मिलिग्रॅममध्ये लागते आणि त्यांच्यापासून कर्बोदके जवळजवळ मिळत नाहीत. परंतु चमच्याने मोजता यावी म्हणून त्यांच्या भुकटीत अनेकदा डेक्स्ट्रोज किंवा माल्टोडेक्स्ट्रिन मिसळतात. गोळी वा थेंब यांत हा प्रश्न सहसा कमी असतो. अ‍ॅस्पार्टेम दीर्घकाळ उकळल्यास विघटित होऊन गोडी गमावते, म्हणून ते चहा गाळल्यावर घालावे. सुक्रालोज व स्टीव्हिया उष्णता अधिक सोसतात. फिनाइलकीटोन्युरिया हा जन्मजात विकार असणाऱ्यांस अ‍ॅस्पार्टेम वर्ज्य आहे.

दुसरा वर्ग इंग्रजीत ‘शुगर अल्कोहोल’ या नावाने ओळखला जातो. ही संज्ञा शब्दशः मराठीत आणली तर दुहेरी गैरसमज होतो, कारण ही द्रव्ये साखरही नव्हेत आणि मद्यही नव्हेत. रचनेतील हायड्रॉक्सिल गटांवरून आलेले ते केवळ रासायनिक नाव आहे. ‘पॉलिऑल’ ही संज्ञा त्यापेक्षा निरुपद्रवी. या वर्गात सर्वांची गणना एकसारखी करणे चूक ठरते. एरिथ्रिटॉल बहुतांशी लघवीवाटे जसेच्या तसे बाहेर पडते आणि त्याचा रक्तशर्करेवर परिणाम जवळपास शून्य असतो. झायलिटॉल ग्रॅमला सुमारे २.४ कॅलरी देते, आणि कुत्र्यांना ते विषारी आहे. माल्टिटॉल ग्रॅमला २.१ कॅलरी देते व रक्तशर्करा स्पष्टपणे वाढवते. ‘शर्करामुक्त’ चॉकलेटात पुष्कळदा हेच असते, आणि एकूण कर्बोदकांतून ते सर्व वजा करून ‘निव्वळ कर्बोदके’ काढणारा आपल्याच हिशेबाने फसतो. अधिक मात्रेत माल्टिटॉल व सॉर्बिटॉल रेचक ठरतात.

सुरक्षिततेविषयीही शब्द जपून वाचावे लागतात. २०२३ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने अ‍ॅस्पार्टेमला ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात घातले; हा गट पुराव्याच्या बळाचा आहे, धोक्याच्या मात्रेचा नव्हे. त्याच वेळी तज्ज्ञ समितीने शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे दिवसाला ४० मिलिग्रॅम ही मर्यादा कायम ठेवली. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने वजन आटोक्यात ठेवण्यासाठी शर्कराविरहित गोडद्रव्ये वापरू नयेत असा सशर्त सल्ला दिला. मात्र तो आधीच मधुमेह असलेल्यांस लागू नाही आणि पॉलिऑलांनाही नाही. एरिथ्रिटॉलची रक्तातील अधिक पातळी आणि हृदयविकार यांचा संबंधही २०२३ मध्ये नोंदला गेला. पण संबंध म्हणजे कारण नव्हे, कारण हे द्रव्य शरीरातही निर्माण होते.

मराठी ताटात आणखी एक अडचण आहे. पुरणपोळीतील गूळ काढून तेथे सुक्रालोज घातले तरी हरभऱ्याची डाळ आणि कणीक तशीच राहते. गोडी बदलते, कर्बोदके फारशी हटत नाहीत. श्रीखंडात उलट, चक्क्यात कर्बोदके थोडी आणि साखर पुष्कळ असल्याने पर्याय खरोखर उपयोगी पडतो. कोणत्या पदार्थात साखर हेच मुख्य कर्बोदक आहे, हा प्रश्न पर्यायाच्या निवडीच्या आधी विचारावयास हवा.

शेवटी सर्वांत गंभीर मुद्दा. इन्शुलिन किंवा तत्सम प्रभावी औषधे घेणाऱ्याने कर्बोदके एकाएकी कमी केली तर रक्तशर्करा घसरू शकते. म्हणून औषधाची मात्रा वैद्याच्या सल्ल्याने बदलूनच असा आहार सुरू करावा. घाम, थरथर, गोंधळ ही लक्षणे दिसताच घरातील माणसे ‘काहीतरी गोड द्या’ असे म्हणतात. ज्या घरात चहाही पर्यायी गोळीने गोड होतो, तेथे हे वाक्य घातक ठरू शकते. रुग्णास त्या वेळी गोडी नको असते, ग्लुकोज हवे असते : १५ ग्रॅम ग्लुकोज, किंवा साधारण तीन चहाचे चमचे खरी साखर पाण्यात विरघळवून, आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता तत्काळ वैद्यकीय मदत बोलवावी.

तात्पर्य, साखर सोडलेल्या घरातही साखरेचा एक लहानसा डबा ठेवावा, त्यावर ‘खरी साखर’ असे ठळक अक्षरांत लिहावे, आणि तो कोठे आहे हे घरातील प्रत्येकास ठाऊक असावे.